मासे धरणाऱ्याच्या पोराने मासेमारीचा क्लास लावावा का?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं:

जळगाव जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव. वय ३१, आयटीआय झालेलं, जळगावच्या एमआयडीसीत चटई कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. घर भोयांचं. वडील आजही पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून धरणात जाळं टाकतात आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद आहेत. वाचकाला चार वर्षांपासून मोबाइलवर बास फिशिंगचे, म्हणजे बास नावाचा परदेशी मासा गळाने धरण्याचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. आता पुण्याजवळच्या एका खासगी तळ्यावर शनिवार-रविवारचं सेमिनार ठरलंय. परदेशात बासच्या स्पर्धा खेळलेले दोन व्यावसायिक अँगलर (गळाने मासे धरणारे) शिकवणार आहेत. फी साडेआठ हजार, राहणं-खाणं धरून. ओव्हरटाइमचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेत. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, “आते मासा धराले बी क्लास लावशी का?” आणि ताटावरून उठून गेले. बायको म्हणते, तेवढ्यात कूलर येतो. वाचक लिहितात, “वडिलांना जाळं टाकता येतं, पण हे लोक शास्त्र शिकवतात. मला इंग्रजी कळतं, बोलता येत नाही. तिथे सगळे गाडीवाले असतील. घरी कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगून जाऊन येऊ का?”

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ट्रेनिंग आहे असं सांगून जाऊ नका. अशा ठिकाणी प्रत्येक जण फोटो काढतो, आयोजक रील टाकतात, आणि तुमच्या गावातला कुणीतरी ते रील रविवारी संध्याकाळी पारावर बसून मोठ्या आवाजात लावणार. साडेआठ हजार गेले हे वडील महिन्याभरात विसरतील. पोराला आपल्यापासून लपवावंसं वाटलं, हे मात्र विसरणार नाहीत.

बाकीचं सावकाश बोलू, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलंय. वडिलांना जाळं येतं आणि शास्त्र त्या लोकांना येतं, ही वाटणी तुम्ही कशावरून केलीत?

तुम्ही ज्याचे व्हिडिओ बघता तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला मासा. तापीत तो नाही, गिरणेत नाही, वाघूरमध्ये नाही. त्याचा स्वभाव दबा धरून बसण्याचा. पाणगवताच्या कडेला, बुडालेल्या खोडाजवळ, खडकाच्या सावलीत तो उभा राहतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. त्यामुळे बास शिकवणारा माणूस मुख्यतः दोनच गोष्टी शिकवतो. पाण्याकडे बघून मासा कुठे असेल ते ओळखायचं, आणि आमिष त्याच्या तोंडासमोरून नेमकं कसं न्यायचं. यातली पहिली गोष्ट तुमच्या घरात आहे. वारा कुठल्या अंगाचा आहे, पाणी किती उतरलंय, गवत कुठे वाढलंय हे बघून जाळं कुठे टाकायचं हे वडील ठरवतात, ते शास्त्र नाही तर काय आहे? त्यांनी त्याच्या स्लाइड केल्या नाहीत, इतकंच.

दुसरी गोष्ट मात्र घरात नाही, आणि तिच्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही.

आपल्याकडे बासच्या सगळ्यात जवळ जाणारी मरळ. तीही गवतात दबा धरते, आणि हवा घ्यायला वर येते तेव्हा ‘फुळुक’ असा आवाज होतो. तो तुम्ही लहानपणापासून ऐकला असणार. तिच्यासाठी आमिष म्हणून बासवाल्यांचाच पोकळ रबरी बेडूक चालतो. त्याच्या दोन्ही गळांची टोकं वरच्या बाजूला, अंगाला चिकटून असतात, म्हणून तो गवतावरून ओढला तरी अडकत नाही. बेडूक जिथे मरळ असेल असं वाटतं त्याच्या पुढे टाकायचा, तुटक तुटक ओढत आणायचा आणि गवतात मोकळी जागा आली की तिथे थांबवायचा. पाणी फुटल्यासारखा आवाज येतो. नवखा माणूस त्याच क्षणी झटका देतो आणि बेडूक उडून त्याच्याच अंगावर येतो. खरं म्हणजे एक श्वास दम धरायचा, मासा बेडूक घेऊन खाली गेला आणि दोरा ताणला की मग झटका. हे वाचून कळतं, पण हाताला कळत नाही. बेटकास्टिंग रिळाचंही तसंच, म्हणजे ज्याचा स्पूल (दोरा गुंडाळलेली चकरी) आमिष फेकताना फिरतो त्या रिळाचं. आमिषाचा वेग कमी झाला आणि स्पूल तसाच फिरत राहिला की दोऱ्याचा गुंता होतो. अंगठा किती आणि कधी टेकवायचा हे शेजारी उभ्या माणसाने तुमचा हात बघून सांगितलं तर एका सकाळीत जमून जातं. व्हिडिओतल्या माणसाला तुमचा अंगठा दिसत नाही.

म्हणजे सेमिनार फुकट जाणार नाही. पण तुम्ही तिथून जे आणायला निघालाय ते दुसरंच आहे, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. ‘गाडीवाले असतील’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. फीबद्दल एकदाच. मासे धरणं हे काम गावात ज्या नजरेने बघितलं जातं, ती नजर चुकवून तेच काम करता येईल अशी जागा तुम्हाला सापडलीय. तिथे महागडी टोपी घातलेले लोक मासा धरतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. असं वाटण्यात काही चूक नाही. फक्त वडील ताटावरून का उठले ते यात आहे, हे लक्षात घ्या. मासेमारी शिकायला त्यांचा विरोध असेल असं मला वाटत नाही. ‘आपण जे करतो ते पोराच्या लेखी मासेमारीच नाही’ असं त्यांनी ऐकलं असावं.

आणि त्या टोपीवाल्यांच्या दुनियेचं म्हणाल, तर तिथला सगळ्यात मोठा विक्रम कुणाचा आहे माहीत आहे? जॉर्ज पेरी नावाचा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला विशीतला शेतकरी पोरगा. २ जून १९३२, मंदीचे दिवस. तो आणि त्याचा मित्र एका आडबाजूच्या तळ्यावर गेले, दोघांत मिळून एकच रॉड. पेरीच्या गळाला जो बास लागला त्याचं वजन भरलं २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो. गावातल्या दुकानात वजन केलं, नोंद झाली, आणि घरी नेऊन मासा शिजवून खाल्ला. पुढे २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांना त्यापेक्षा औंसभराने जड बास मिळाला, पण जुना विक्रम मोडायला किमान २ औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. पेरीला कुणी सेमिनार दिलं नव्हतं. तुम्ही तिथे गेलात आणि कुणी विचारलंच की तुम्ही काय करता, तर वडील धरणावर मासेमारी करतात असं सरळ सांगा. शिकवणारे खरे जाणकार असतील तर चहाच्या वेळी ते तुमच्याच टेबलावर येऊन बसतील. नाही आले, तर त्यांच्याकडून अंगठ्याचं तेवढं शिकून घ्या आणि परत या.

आता एक अडचणीची गोष्ट, जी तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलीय. सेमिनारमध्ये मासा धरून परत सोडायला शिकवतात, आणि वडिलांना ते हसण्यावारी न्यायचं वाटतं. खायचा नाही तर त्याच्या तोंडात गळ कशाला घालायचा, असं ते म्हणतात. हे अडाण्याचं बोलणं समजू नका. स्वित्झर्लंडच्या प्राणिरक्षण नियमांत सोडून देण्याच्याच उद्देशाने मासा धरायला मनाई आहे. तुमच्या वडिलांचं आणि तिथल्या कायद्याचं म्हणणं एकच निघालं.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. अमेरिकेत रे स्कॉट यांनी १९६७-६८ पासून बासच्या स्पर्धा आणि त्यांची संघटना उभी केली, तेव्हा स्पर्धेत धरलेले मासे मरत असत. एका दिवसात एवढे लोक एवढे मासे धरणार, तर तळं किती दिवस पुरणार? म्हणून १९७२ पासून त्यांनी मासे जिवंत ठेवून परत सोडायची सवय लावली. म्हणजे सोडणं आलं ते खेळणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळे. घरी कालवणापुरता मासा आणणाऱ्या माणसाला तो नियम लावायचं कारण नाही. माझं मत विचाराल तर जो मासा खाणार तो धरा आणि न्या. लहान असेल, पोटात अंडी असतील तर सोडा. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये कटला-रोहू दमवून सोडायच्या भानगडीत पडूच नका. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि सोडलेला मासा तुमच्या नजरेआड जाऊन मरतो.

मरळीबाबत आणखी एक. पावसाळ्यात तिच्या लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसतो आणि आईबाप खाली राखण करत असतात. त्या घोळक्यात बेडूक टाकला की मोठी मरळ हमखास धावते. व्हिडिओत हे मोठ्या अभिमानाने दाखवतात. राखणदार गेला की पिल्लं इतर मासे गिळतात. सेमिनारमध्ये कुणी ही युक्ती शिकवली तर नमस्कार करून सोडून द्या.

तुमच्या पत्रात नसलेला, पण पुढे येणारच असा प्रश्न धरणाचा आहे. वडिलांची सोसायटी धरणाचा ठेका भरते, कटला, रोहू, मृगळची बोटुकली (बोटभर पिल्लं) विकत घेऊन सोडते. त्या पाण्यात उद्या तुम्ही रॉड घेऊन उभे राहिलात, मागून सेमिनारमधले चार मित्र गाडी घेऊन आले, तर गळाला लागलेला कटला कुणाचा? तुम्ही सभासदाचे चिरंजीव म्हणून तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. बोलणी वडील खातील. सेमिनारला जायच्या आधीच सोसायटीच्या चेअरमनना भेटा. रॉडवाल्यांना दिवसाची पावती देता येईल का, दिली तर किती मासे नेऊ द्यायचे, पावसात विणीच्या काळात बंद ठेवायचं का, हे विचारा. ते नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर तुमच्या वडिलांसारख्या माणसाला काठावर वाटाड्याचं काम आणि सोसायटीला चार पैसे मिळू शकतील.

शकतील म्हटलं, मिळतील म्हटलेलं नाही. कर्नाटकात कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोरे इथे महाशीर या नदीतल्या मोठ्या माशासाठी असे कॅम्प होते. मासा धरायचा, वजन करायचं, सोडायचा. नदी पाठ असलेले स्थानिक लोक, काही तर पूर्वी चोरून मासे मारणारे, तिथे पगारावर वाटाडे झाले. पुढे तो पट्टा अभयारण्यात येतो म्हणून गळ टाकणं बंद झालं आणि लोकांचं काम गेलं. म्हणून नोकरी सोडून ‘फिशिंग टुरिझम’ काढायचा विचार मनात असेल, तर तो तूर्त मनातच ठेवा. चटई कारखान्यातला पगार दर महिन्याला येतो.

वहिनींच्या कूलरबद्दल. तुमचं घर पत्र्याचं असेल आणि घरात अजून कूलर नसेल, तर मी त्यांच्या बाजूने आहे, वाद संपला. जळगावच्या उन्हाळ्यात दुसरं काही बोलण्यात अर्थ नाही. कूलर जुना आहे आणि नवा हवाय एवढंच असेल, तर ओव्हरटाइमचे पैसे तुमचे आहेत. पण आधी त्यांना पूर्ण हिशेब दाखवा. साडेआठ हजारांत जाणं-येणं नाही, आणि सेमिनारमध्ये होणारी खरेदी तर मुळीच नाही. व्यावसायिक अँगलरला कंपन्यांचा पाठिंबा असतो, त्यावरच त्याचं चालतं. तो ज्या रॉडचं कौतुक करेल तो रॉड शेजारच्या टेबलावर विकायला असेल. दोन दिवस खिशात हात घालायचा नाही असं ठरवून जा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करा, आणि हे अशा सेमिनारला निघालेल्या बाकी वाचकांनीही करावं. दोन दिवसांतले किती तास पाण्यावर आणि किती तास खुर्चीत? एका शिकवणाऱ्यामागे किती जण? वीसच्या वर असतील तर तुमच्या अंगठ्याकडे कुणी बघणार नाही. रॉड-रीळ तिथे वापरायला मिळणार का? लाइफ जॅकेट आहेत का? शिकवणारे हिंदीत सांगतात की फक्त इंग्रजीत, आणि इंग्रजीत असेल तर सोबत समजावून सांगणारा कुणी आहे का? हा प्रश्न विचारायला लाजू नका, तो विचारणारे तुम्ही पहिले नसाल. आणि मुख्य म्हणजे, तळ्यात मासे कुठले आहेत? खासगी तळ्यात पाळलेले, उपाशी ठेवलेले मासे असतील तर रविवारी सगळ्यांनाच मासा लागतो आणि सगळेच खूश होऊन घरी जातात. तापी तशी खूश करत नाही.

तिथे कुणी बासची पिल्लं आणून आपल्या तळ्यात सोडायच्या गप्पा मारल्या तर जपानचं उदाहरण द्या. १९२५ साली तिथल्या आशी तलावात बास आणून सोडला. आज तो तिथे उपद्रवी ठरलाय, त्याला जिवंत नेणं किंवा दुसरीकडे सोडणं गुन्हा आहे, आणि ज्या बिवा सरोवरात विक्रमाची बरोबरी झाली तिथे गळाला लागलेला बास परत पाण्यात सोडायलाही मनाई आहे. आपल्याकडे चिलापी आणि बंदी असलेला थाई मांगूर हे बाहेरून आलेले मासे आधीच ठाण मांडून बसलेत. आणखी पाहुणे नकोत.

आता वडिलांशी बोलायचं कसं. ‘परवानगी द्या’ म्हणून जाऊ नका, तुम्ही ३१ वर्षांचे आहात. समजूत घालायलाही जाऊ नका, ते आणखी चिडतील. एखाद्या सुट्टीच्या पहाटे त्यांच्याबरोबर तराफ्यावर बसा आणि खरोखर माहीत नसलेलं काहीतरी विचारा. पाणी उतरल्यावर मरळ कुठल्या बाजूला सरकते? गढूळ पाण्यात कुठला मासा काठाला येतो? तुम्ही शेवटचे केव्हा त्यांच्याबरोबर गेला होतात ते पत्रात नाही, आणि मला वाटतं बरीच वर्षं झाली असावीत. तिथेच सेमिनारचं सांगा, तारीख आणि फीसकट. ते काहीतरी टोचून बोलतील. बोलू द्या. शक्य असेल तर आयोजकांना विचारून त्यांनाही एक दिवस सोबत न्या. घरच्या माणसाला जेवणाच्या पैशांत बसू देतात का, तेही विचारा. वडील तिथे पहिला अर्धा तास नाक मुरडतील, मग रबरी बेडूक हातात घेऊन त्याचे गळ तपासतील, असा माझा अंदाज. ते नाही म्हणाले तर एकटे जा, मनाला लावून घेऊ नका.

घरी मासेमारी नसलेल्या, पण असाच नाद लागलेल्या खानदेशातल्या वाचकांसाठी थोडं. धरण सरकारी आहे म्हणून मासा फुकट, असं नसतं. आधी ठेका कुणाचा आहे ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्यात आहे, तिथे गळ घेऊन जाऊ नका. तापीवरच्या हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला पावसाळ्यात पात्रात उतरू नका. पाऊस वर बैतूल-बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात विदर्भात पडतो, आपल्या डोक्यावर ऊन असतं, आणि ४१ दरवाज्यांपैकी किती उघडलेत ते पाणी पायाला लागल्यावर कळतं.

आणि भाऊ, रॉड कोणता घ्यावा हे ताजा कलम म्हणून विचारलंत. सेमिनार होईपर्यंत घेऊ नका. नंतर सात फुटांचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० नंबरचं रीळ आणि विणलेला दोरा एवढ्यावर सुरुवात करा. दाट गवतातल्या मरळीसाठी याहून कडक रॉड आणि जाड दोरा लागतो, तो पुढच्या दिवाळीला. बेटकास्टिंग रीळ तिथे हाताळून बघा आणि अंगठा ऐकायला लागला तरच विकत घ्या. ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज जाते, आणि आपल्याकडे नदीकाठच्या मोटारींच्या तारा हात वर केला तर लागतील इतक्या लोंबत असतात. शेतातून काठाकडे जाताना रॉड आडवा धरा, आणि गळ टाकण्यापूर्वी एकदा वर बघून घ्या.